दुर्गाडी किल्ला, कल्याण

ठाणे जिल्ह्यातील कल्याण शहराच्या वायव्य टोकाला, उल्हास नदीच्या खाडीकाठच्या टेकडीवर असलेला छोटा किल्ला. कल्याण-भिवंडी रस्त्यावरील दुर्गाडी पूल त्याच्या पायथ्याशी आहे. राजगड-रायगड पाहिलेल्या माणसाला ही टेकडी फारच ठेंगणी वाटते; काही मिनिटांत पायऱ्या संपतात आणि माथा येतो. पण दुर्गाडीला उंचीचे माप लावण्यात अर्थ नाही. हा पाण्यावर नजर ठेवणारा किल्ला आहे. त्याचे महत्त्व कळायचे तर माथ्यावर पोचल्यावर आधी खाडीकडे तोंड करून उभे राहावे.

खाली दिसणारे पाणी डोंबिवली, मुंब्र्यावरून ठाण्याकडे जाते आणि पुढे घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. समुद्रापासून इतक्या आत, वादळवाऱ्यापासून सुरक्षित आणि तरीही भरतीच्या पाण्यावर गलबते आणता येतील, अशी ही जागा. घाटावरून उतरणारा माल इथे पाण्याला भेटे. कल्याण बंदर म्हणून वाढले ते यामुळेच. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख असून, तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची शक्यता असे, असेही त्यात म्हटले आहे. दोन बंदरांमधली चुरस इतकी जुनी आहे! सहाव्या शतकात कॉस्मस या व्यापारी प्रवाशाने इथला धातू, इमारती लाकूड आणि कापड यांचा व्यापार नोंदवला.

१६५७ च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. दुर्गाडीच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान इथून सुरू होते. सह्याद्रीतल्या गडांवर उभे राहिलेले राज्य पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याला भिडले, आणि सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांच्यासमोर टिकायचे तर स्वतःची जहाजे हवीत, हे महाराजांनी ओळखले. खाडीकाठी जहाजबांधणी सुरू झाली. किल्ल्याच्या पायाचे काम चालू असताना द्रव्य सापडले आणि ते आरमाराच्या कामी आले, ही कथा कल्याणात आजही सांगितली जाते. तिला दंतकथाच मानावे. जहाजबांधणीचा पुरावा मात्र भक्कम आहे. कल्याण-भिवंडीकडे लढाऊ जहाजे तयार होत असल्याची काळजी १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात उमटली आहे. या कामावर रुय लैताव व्हिएगस आणि त्याचे पोर्तुगीज कारागीर होते. ही जहाजे उद्या आपल्याच अंगावर येतील, हे वसईच्या कप्तानाच्या ध्यानात आले आणि त्याने या लोकांना फोडले. पोर्तुगीज कारागीर काम टाकून गेले, तरी जहाजबांधणी थांबली नाही. मराठा आरमाराचा जन्म सांगताना सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग यांची नावे पटकन ओठांवर येतात. त्यांच्या आधी कल्याणची खाडी येते.

पुढे १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण घेतले आणि नंतर शहर अनेकदा हातबदल होत राहिले. शहराभोवतीचा तट शाहजहानच्या काळात सुरू होऊन औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये पुरा झाला. त्याला चार दरवाजे आणि अकरा बुरूज होते. पेशवाईत किल्ल्याजवळ गणेश दरवाजाची भर पडली. १७८० मध्ये शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले. ब्रिटिश अमदानीत तटाचा दगड धक्क्यांच्या बांधकामासाठी काढून नेला गेला, त्यामुळे आज शहरात फिरताना जुना तट नजरेला पडत नाही.

माथ्यावर दुर्गादेवीचे मंदिर आहे. किल्ल्याचे नाव तिच्यावरूनच. जवळच मुसलमानांचे जुने प्रार्थनास्थळ आहे आणि ईदला तिथे नमाज होते. जागेच्या मालकीचा दावा अनेक दशके न्यायालयात चालला. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने मशिदीच्या विश्वस्तांचा दावा फेटाळला. नवरात्रात किल्ल्याच्या परिसरात जत्रा भरते. ओटीचे ताट सांभाळत रांगेत उभ्या राहिलेल्या बायका, पायथ्याशी पाळणे, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकाने. या दिवसांत निवांतपणे किल्ला पाहणे जमणार नाही, पण कल्याणकरांचे दुर्गाडीशी असलेले नाते पाहायचे तर याच दिवसांत यावे.

ठाण्याहून लोकलने कल्याण सुमारे २० किलोमीटर आहे. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने किल्ल्याशी जाता येते. अंतर दोनेक किलोमीटरचे. बांधकामाचे अवशेष थोडे आहेत आणि जे आहेत ते नाजूक झाले आहेत. पावसाळ्यात तटा-बुरुजाचे दगड ढासळल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणून कडेला टेकू नये, लहान मुलांना तटावर चढू देऊ नये. आणखी एक कळकळीची विनंती: देवीला नेलेल्या पिशव्या आणि बाटल्या परत खाली आणाव्यात, त्या उतारावरून घरंगळून थेट खाडीत जातात.

हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेकडे मलंगगडाचे सुळके ओळखू येतात. पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या वाहनांची रांग सहसा तुटत नाही. पण जायचे तर भरतीची वेळ पाहून जावे. ओहोटीला काठावर नुसता काळा चिखल दिसतो. भरती लागली की तोच चिखल हळूहळू झाकला जातो, तरंगणारी पानेफुले थबकतात आणि मग उलटी, शहराच्या दिशेने सरकू लागतात. वल्ही-शिडांची गलबते याच पाण्याच्या जोरावर कल्याणच्या धक्क्याला लागत असत.