तिसऱ्या अंकाला बुडालेली मासिकं

विज्ञानकथांची कित्येक मासिकं तीन-चार अंकांतच का आटोपली, याचं उत्तर कथांपेक्षा हिशेबाच्या वहीत सापडतं. पहिला अंक स्टॉलवर लागतो, न खपलेल्या प्रती परत येतात, मग खपाचा आकडा कळतो. तोवर दुसरा अंक बाजारात आणि तिसरा छापखान्यात असतो. डेमन नाइट यांनी संपादित केलेलं अमेरिकेतलं ‘वर्ल्ड्स बियाँड’ याच गणितात गेलं : डिसेंबर १९५० ते फेब्रुवारी १९५१, अंक तीन. तिथल्याच ‘अननोन’ या अद्भुतकथांच्या मासिकाला वाचक होते, पण युद्धातल्या कागदटंचाईनं ते १९४३ साली ३९ अंकांवर थांबलं.

आपल्याकडे निव्वळ विज्ञानकथांचं पहिलं मासिक बंगालीत निघालं, अद्रीश बर्धन यांचं ‘आश्चर्य’, १९६३ साली. मराठी विज्ञानकथा वाढली ती सर्वसाधारण मासिकांत, दिवाळी अंकांत आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत. १९७४ साली त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली. लेखक ‘नारायण विनायक जगताप’. आद्याक्षरं उलटी वाचा : जयंत विष्णु नारळीकर!

म्हणून विदर्भातल्या खेड्यात जुन्या विज्ञानकथा शोधायला निघालात तर विज्ञानकथेचं मासिक मागू नका. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी श्रेणीत सर्वांत लहान, वाचनालयातले, शाळेच्या कपाटातले दिवाळी अंकांचे गठ्ठे उघडा आणि अनुक्रमणिका चाळा. मुखपृष्ठ गेलेलं असलं तर मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ शोधा. तिच्यावरून अंक ओळखू येतो.

प्रती उरल्या नाहीत, त्याला रद्दीवाल्याइतकाच कागद जबाबदार. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा आणि आम्ल असतं. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कवेलूंखालच्या माळ्यावर तो इतका ठिसूळ होतो, की कोपरा दोनदा दुमडला तर तुटतो. पावसाळ्यात पिना गंजून मधलं पान सुटतं. अशा वेळी पिनेची टोकं आतून बोथट सुरीनं सरळ करायची, पिन बाहेरून ओढायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा. सेलोटेप नकोच, त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. उदई, म्हणजे वाळवी, भिंतीतून नि जमिनीतून येते, तेव्हा गठ्ठा दोन्हींपासून चार बोटं दूर, फळीवर. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पुरता वाळवून, कापडात बांधून. हिरव्या पाल्याची ओल कागदालाच बुरशी आणते.