कॅमेऱ्यातलं भूत आणि किर्दीचं पहिलं पान

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक क्लिप फिरली, पार्किंगच्या कॅमेऱ्याचं थेट दृश्य फोनवर बघताना कोणीतरी टिपलेली. पाथर्डी फाटा, रात्रीचा पाऊण, पार्किंग. एक पांढुरका आकार उभ्या स्कूटरमधून आरपार जातो, फरफटल्यासारखा लांबतो आणि दोन-तीन सेकंदांनी पार्किंग पुन्हा स्वच्छ, रिकामं. बिबट्याच्या क्लिपा नाशिककरांना नव्या नाहीत, भुताची मात्र पहिलीच. सकाळी कोणीतरी थेट कॅमेऱ्याच्या खिळ्यालाच लिंबू-मिरची टांगली.

मी मात्र हरखलो. व्हिडिओ साठवतात कसा, हे इतकं उघडं पडलेलं सहसा बघायला मिळत नाही.

आधी हिशेब. फुल एचडी चित्रात १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला ३ बाइट धरले तर एक चित्र ६२ लाख बाइटचं. सेकंदाला १५ चित्रं घेतली तर दिवसाला ८ टेराबाइट. या हिशेबाने ६४ जीबीचं कार्ड साडेअकरा मिनिटांत भरायला हवं. पण सेकंदाला १ मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट) या वेगाने साठवणारा कॅमेरा त्यात जवळपास सहा दिवस बसवतो. सातशेहून जास्त पट आकसलं!

ही करामत किर्दीसारखी, म्हणजे दुकानाच्या जमाखर्चाच्या वहीसारखी आहे. पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक, पुढे होईल तसं जमा आणि नावे. कॅमेराही दर काही सेकंदांनी एकच पूर्ण चित्र लिहितो, ती आय-फ्रेम. मधल्या पी-फ्रेममध्ये फक्त बदल. त्यासाठी २००३ सालच्या एच.२६४ पद्धतीत चित्राचे १६ × १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, एकूण ८१६०. मग प्रत्येकाची चौकशी : मघाच्या चित्रात तू कुठे होतास? भिंतीचा चौकोन म्हणतो, इथेच. चालत्या माणसाचा म्हणतो, तीन ठिपके डावीकडे. तेवढंच लिहायचं.

तरी थोडी तफावत उरतेच. ती कमी-जास्त बारीक अशा कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडतात आणि अगदी बारीक लहरींचे आकडे भागून, जवळच्या पूर्णांकात बसवून शून्यावर आणतात. कोसाइन लहरींची ही युक्ती १९७४ साली प्रसिद्ध झाली. तिचे जनक नासिर अहमद बेंगळुरूत जन्मलेले, आणि या कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेत मागितलेला निधी नाकारला गेला होता. आजच्या पद्धती तिचंच पूर्णांकी रूप वापरतात. डोळ्याला भिंतीचा खडबडीतपणा गेलेला कळत नाही. पण नंबरप्लेटची अक्षरं नेमकी त्याच बारीक लहरींत असतात. पावसात हजारो थेंब हलतात, बदल अफाट वाढतात, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट लिहायचे तो आकडा, मात्र ठरलेला. मग आणखी लहरींवर काट बसते आणि गाडी दिसते पण नंबर पुसट.

आता किर्दीचं पहिलं पानच फाटलं तर? वायफाय अडखळलं, आय-फ्रेम पोचली नाही, पण मागून ‘तीन ठिपके डावीकडे’ येतच राहिलं. प्लेअर बिचारा ते बदल जुन्याच चित्रावर करत बसतो. स्कूटरचे तुकडे माणसासोबत चालू लागतात. पुढची आय-फ्रेम आली की सगळं लख्ख. आमचं भूत म्हणजे अंबडच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आलेला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा होता. रात्री कॅमेरा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाच्या दिव्यांवर बघतो, त्यात त्याचा रेनकोट पांढराफटक दिसला.

खात्री करायला पूर्ण रेकॉर्डिंग उघडलं, तर ॲप म्हणालं, सबस्क्रिप्शन घ्या. फुकटचा महिना संपला होता आणि बसवणाऱ्याने कार्ड टाकलंच नव्हतं. कार्ड नाही, क्लाउड नाही, म्हणजे कॅमेरा नुसता बघत होता, साठवत काहीच नव्हता. बरं, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेत भाड्याने ठेवलेली डिस्क. सेकंदाला १ मेगाबिटने अखंड साठवलं तर महिन्याला ३२४ जीबी होतात, म्हणून बऱ्याच योजना हालचालीपुरत्या क्लिपा ठेवतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एआय लिहिलेलं असतं. रेकॉर्डिंग कुठे आणि किती दिवस राहील, ते बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

आम्ही कार्ड टाकलं, हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सततचं लिहिणं जास्त सोसणारं. फ्लॅश मेमरी पुन:पुन्हा लिहून झिजते, आणि काही कार्डं मरताना लिहिणं थांबवतात, वाचणं नाही. जुनी रेकॉर्डिंग दिसत राहते म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मी दर महिन्याला कालच्या रात्रीची एक क्लिप उघडून बघतो.

लिंबू-मिरची अजून तिथेच आहे. काढायला कोणी धजत नाही. वाऱ्यावर हलते, दिव्यांच्या अगदी जवळ असल्याने सगळ्यात पांढरी तीच दिसते, आणि तिच्यामुळे मध्यरात्रीनंतर फोनवर सारखं येतं : हालचाल आढळली.