बँका मोजक्या म्हणजे स्पर्धा कमी? केंद्रीकरण आणि बाजारशक्ती

दोन बँकांचे विलीनीकरण जाहीर झाले की ‘आता स्पर्धा संपली’ असे सर्रास बोलले जाते. तिथे दोन गोष्टींची गल्लत होते. बाजार किती हातांत एकवटला आहे, हे केंद्रीकरण. त्या हातांना मनासारखा दर लावता येतो का, ही बाजारशक्ती.

केंद्रीकरण मोजणे सोपे. ठेवींतल्या प्रत्येक बँकेच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज घ्यायची, की झाला हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक. वाटे ४०, ३०, २० आणि १० असतील तर १६००+९००+४००+१०० = ३०००. शेवटच्या दोघी एक झाल्या तर ३४००. वाढ नेहमी दोन वाट्यांच्या गुणाकाराच्या दुप्पट. घोळ होतो तो बाजाराची हद्द ठरवताना. सारा देश धरला तर आकडा लहान, एकच बँक असलेले गाव धरले तर थेट १०,०००. म्हणून अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, आधी स्थानिक बाजार आखते, मग वाटे काढते.

बाजारशक्तीसाठी अर्थशास्त्रज्ञ अबा लर्नर यांचे १९३४ चे सूत्र आहे: किमतीतून सीमांत खर्च (आणखी थोडे विकण्याचा जादा खर्च) वजा करा आणि किमतीने भागा. कर्जाचा दर १२ टक्के, आणखी १०० रुपये कर्जाऊ देण्याचा खर्च ९ रुपये, तर ०.२५. शून्य म्हणजे पूर्ण स्पर्धा. पण हा ९ कुठल्याही ताळेबंदात छापलेला नसतो; बऱ्याच वर्षांच्या आकड्यांवर खर्चाचे समीकरण बसवून तो काढावा लागतो. त्यात कर्ज बुडण्याच्या धोक्याचे २ रुपये धरायचे राहिले असतील तर खरा खर्च ११, आणि ०.२५ चे होतात जेमतेम ०.०८. जोखमीच्या कर्जदारांना कर्ज देणारी बँक मग उगाच मक्तेदार ठरते.

स्टाइन क्लासेन्स आणि ल्यूक लाव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ५० देशांतील बँका तपासल्या. केंद्रीकरण जास्त तिथे स्पर्धा कमी, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. परदेशी बँकांना दार उघडे आणि व्यवसायावरची बंधने कमी, तिथे मात्र स्पर्धा जास्त दिसली.

उलटेही घडते: बँका ढीगभर, पण कर्ज दुसरीकडे नेणे महाग. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घ्यायला बँकांना मनाई केली. त्या परिपत्रकाने कोणाचाही वाटा त्या दिवशी हलला नाही. कमी झाली ती कर्जदाराला अडकवून ठेवण्याची ताकद.