कर्क सेशनच्या नोंदी व अनौरस पूर्वजांचे पितृत्व

कर्क सेशन म्हणजे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमधील पाळक व एल्डर (मंडळीचे वडीलधारे पंच) यांची पॅरिशपातळीवरील, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाची, सभा. अनौरस पूर्वजाचा पिता शोधताना बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपेक्षा या सभेची इतिवृत्ते अधिक उपयोगी पडतात. सेंट अँड्रूज येथील इतिवृत्ते १५५९ पासूनची आहेत. इतरत्र ती बरीच उशिरा सुरू होतात व मधली वर्षे गहाळ असतात.

अविवाहित स्त्री गरोदर असल्याची कुणकुण लागताच सभा तिला बोलावून पित्याचे नाव विचारी. यामागे पापाला शासन हा हेतू होताच. पण पोराचा खर्च पॅरिशच्या गरीबनिधीवर पडू नये, ही काळजीही त्याहून कमी नसावी. नाव घेतलेल्या पुरुषाला समन्स जाई; तो दुसऱ्या पॅरिशचा असल्यास तिथल्या सभेला पत्र जाई. त्यामुळे एकाच प्रकरणाचे धागे दोन दप्तरांत सापडतात. त्याने नाकारल्यास दोघांना समोरासमोर आणत, प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या सुईणीची साक्ष घेत, आणि तरीही निकाल न लागल्यास प्रकरण प्रेस्बिटेरीकडे, म्हणजे अनेक पॅरिशांवरील वरिष्ठ चर्चसभेकडे, जाई. तेथे आरोप नाकारणारी गंभीर शपथ घेण्याची मुभा क्वचित मिळे. कबुलीनंतर दंड व भर चर्चमध्ये प्रायश्चित्त ठरलेले असे. कवी रॉबर्ट बर्न्सचे प्रकरण प्रसिद्ध आहे : जून १७८६ मध्ये जीन आर्मरने मॉकलिनच्या सभेला पत्र लिहून त्याचे नाव सांगितले व त्याने प्रायश्चित्त घेतले.

स्त्रीने सांगितलेले नाव कितपत खरे मानावे, याबद्दल मतभेद आहेत. धनिकाला वाचवण्यासाठी एखाद्या नोकराचे नाव पुढे केले जाई, असे काही जण मानतात. मिचिसन व लेनमन या इतिहासकारांनी सतराव्या-अठराव्या शतकांतील इतिवृत्तांचा विस्तृत अभ्यास केला आहे. आरोप झालेले पुरुष मोठ्या प्रमाणात कबुली देत, हे त्यातून दिसते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. नुसता आरोप व कबुली यांत मात्र फरक करावाच लागतो. वंशावळी मांडणारे तो सर्रास विसरतात. आईबापांनी पुढे लग्न केल्यास स्कॉट कायद्याने मूल औरस ठरे, म्हणून नंतरच्या विवाहनोंदीही पाहाव्यात.

१८४५ च्या कायद्याने गरीबनिधीचा कारभार पॅरिश मंडळांकडे गेल्यावर ही चौकशी सैलावली. १८५५ पासूनच्या नागरी जन्मनोंदीत अनौरस मुलाच्या पित्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय सहसा येत नाही. न्यायालयाने पितृत्व ठरवल्यास ते दुरुस्तीच्या नोंदवहीत आढळते. फुटीर पंथांची इतिवृत्ते वेगळी असतात. कॅथलिक व एपिस्कोपल (बिशपांची सत्ता मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) कुटुंबांबाबत हे साधन तोकडे पडते.