रिपोर्टवरचा ०.९

आजीच्या गालातला फोड दीड महिना झाला तरी भरून येईना. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिसरी तिनं पन्नास वर्षं त्याच गालात धरली होती. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला. घरात लगेच दोन तट पडले. काका म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वय झालं, कशाला हाल करता?" आत्या म्हणाली, "मुंबईला न्या, लागेल ते करा." आजीचं शरीर किती पेलेल, हे मात्र दोघांनीही पाहिलं नव्हतं.

ते पाहता येतं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, वजन किती घटलं, रोजच्या गोळ्या किती, विसरभोळेपणा वाढलाय का, घरी करणारं कोण आहे. वृद्धांच्या या तपासणीला 'जेरियाट्रिक असेसमेंट' म्हणतात. अमेरिकेत सत्तरीपुढच्या, कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या ७१८ रुग्णांवरचा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टरांच्या हाती या तपासणीचे निष्कर्ष आणि सल्ला होता, तिथे ५१ टक्के रुग्णांना औषधांचे गंभीर दुष्परिणाम झाले. नव्हता तिथे ७१ टक्क्यांना. बेतानं औषध दिलं म्हणून सहा महिन्यांत जास्त माणसं दगावली, असंही झालं नाही.

आता मूत्रपिंडाचं. आजीच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, ०.९ आलं. "नॉर्मल आहे," म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. चाळीस किलोच्या म्हातारीच्या अंगावर स्नायू असतात कितीसे? ते तयारच कमी होतं, म्हणून मूत्रपिंड थकलेलं असलं तरी रक्तातला आकडा साळसूद दिसतो. १९७६ पासून वापरात असलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वय, वजन आणि बाई की पुरुष हेही धरतं. त्यात हाच ०.९ घातला, तर ६५ किलोच्या चाळिशीतल्या पुरुषाच्या मूत्रपिंडाची गाळणी मिनिटाला सुमारे १०० मिलिलिटर येते. आजीची आली ३२. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध मूत्रपिंडावरच ताण टाकतं. एवढ्या कमी गाळणीत ते देत नाहीत. त्यामुळे ऑपरेशन करायचं, नंतर लागलाच तर नुसता शेक (रेडिएशन) द्यायचा आणि सिस्प्लॅटिन नाही, असं ठरलं. वजनही केस पेपरवर लिहून घ्या, हा माझा आग्रह तेव्हापासूनचा.

आजीला आम्ही "जखम आहे" एवढंच सांगितलं होतं. बाकड्यावर शेजारी शेक घेऊन गळा काळवंडलेल्या बाया बसलेल्या. ती म्हणाली, "मला काय झालंय ते कळायलंय मला. भाकर चावता येईल का, तेवढं इचारा त्यांना."

विचारलं. डॉक्टर तिच्याशीच बोलले. ऑपरेशन आणि शेकानंतर जबडा आखडतो, तोंड उघडायचा व्यायाम रोज करावा लागेल, मऊ भाकर कालवून खाता येईल. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू वाढवायच्या. आजी आता संध्याकाळी ओट्यावर बसून काड्या मोजते. काल बारा बसल्या.