औषधांना दाद न देणारे नैराश्य आणि ओसरलेली कामेच्छा : पार्श्वभूमी

नैराश्यात कामेच्छा ओसरते, हे वैद्यकाला आधुनिक औषधांच्या आधीपासून ठाऊक होते. मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 मध्ये नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी केलेल्या श्रेणीत त्याची नोंद होती आणि पुढच्याच वर्षीच्या मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या नैराश्याच्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न याच विषयाचा होता. अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या 1980 च्या निदानपुस्तिकेने तर ते नैराश्याच्या निकषांतच घातले. 1987 च्या सुधारित आवृत्तीतून मात्र तो उल्लेख वगळला गेला. पुढे औषधांच्या चाचण्यांत सर्रास वापरल्या गेलेल्या 1979 च्या माँटगोमेरी-आस्बर्ग श्रेणीत तर हा प्रश्न मुळातच नव्हता.

नेमक्या याच काळात, 1987 च्या अखेरीस, फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन वाढवणाऱ्या गोळ्यांचे युग सुरू झाले. मेंदूतील सेरोटोनिन वाढले की इच्छेला चालना देणारी डोपामिन या दुसऱ्या रसायनाची यंत्रणा मंदावू शकते. त्यामुळे आजाराने आधीच क्षीण झालेल्या इच्छेवर उपचाराचाही भार पडतो. सुरुवातीच्या चाचण्यांत हा परिणाम किरकोळ दिसला, कारण रुग्णाने आपणहून सांगितले तरच त्याची नोंद होई. स्पेनमधील 344 रुग्णांच्या 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लैंगिक तक्रार आपणहून सांगणारे 14 टक्के होते, थेट विचारल्यावर ते 58 टक्के निघाले. या दोन आकड्यांमधले अंतर मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

किमान दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही आराम पडला नाही, तर ते नैराश्य सामान्यतः उपचारांना दाद न देणारे मानतात. अशा रुग्णाची मात्रा वाढते, दुसरी गोळी जोडली जाते, कधी रिस्पेरिडोनसारखे, प्रोलॅक्टिन हे कामेच्छा दाबू शकणारे संप्रेरक वाढवणारे औषधही येते, आणि प्रत्येक पायरीवर कामेच्छा आणखी दबू शकते. काही जण त्यामुळे कोणाला न सांगता गोळ्या सोडतात. मग कागदावर औषध अपयशी ठरते, प्रत्यक्षात ते पोटात गेलेलेच नसते.

नागपुरात हे मौन अधिक दाट होते. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णासोबत बहुधा भाऊ, सासू किंवा मुलगा उभा असतो आणि त्यांच्यासमोर असा प्रश्न ना डॉक्टर सहज विचारतात, ना रुग्ण उत्तर देतो. प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात, तेव्हा तिकडे पाऊल टाकण्याआधी पुरुष भिंतीवरची ‘गुप्तरोग’ची जाहिरात वाचून भलत्याच दवाखान्यात जातो, यात नवल नाही. धातू म्हणजे वीर्य गेल्याने अशक्तपणा आला या समजुतीमागे अनेकदा नैराश्य लपलेले असते; मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये या तक्रारीचे वैद्यकीय वर्णन केले. स्त्रियांना तर हा प्रश्न फारसा कोणी विचारतच नाही. मुले झाली, संसार झाला, आता कसली इच्छा, असे त्यांच्या वतीने परस्पर ठरवले जाते. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिले असतानाही हे घडते, याचे दुःख वाटते.

सेरोटोनिनवर काम करणारी ही औषधे बंद केल्यावरही काहींच्या लैंगिक तक्रारी टिकू शकतात, असा इशारा माहितीपत्रकात द्यावा, अशी शिफारस युरोपीय औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये केली. आज डॉक्टरांपुढे पर्याय आहेत: थायरॉइड, मधुमेह आणि टेस्टोस्टेरॉन तपासणे, मात्रा कमी करणे, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारख्या तुलनेने कमी त्रास देणाऱ्या औषधाकडे वळणे. हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा लागतो, कारण गोळी एकाएकी थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता आणि आजार उलटण्याचा धोका असतो. आणि हे बोलणे नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवूनच होऊ शकते.