चाळीसची बाटली, शंभरची सिरिंज

इन्सुलिनची साधी बाटली भारतात आजही ४० ची मिळते. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, १० मिलिलिटरच्या बाटलीत ४००. इन्सुलिन टोचायच्या पेनमधली ३ मिलिलिटरची कार्ट्रिज मात्र १०० ची, तिच्यात ३०० युनिट. दोन्ही एकाच फ्रीजच्या दारात ठेवलेल्या असतात.

१९२२ मध्ये टोरोंटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले. त्यानंतर अनेक वर्षे २०, ४०, ८० अशा वेगवेगळ्या ताकदी बाजारात होत्या आणि चुका होतच होत्या. त्या थांबाव्यात म्हणून अमेरिका १९७० च्या दशकात १०० कडे वळली, ब्रिटनने १९८३ मध्ये तेच केले. आपण ४० वरच राहिलो.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर डॉक्टरांत आजही एकमत नाही. ४० च्या बाजूने सांगतात की लाखो लोकांचा हात त्यावर बसला आहे, बाटली स्वस्त पडते आणि लहान मुलाला १-२ युनिट देताना माप नीट दिसते. यातला पहिला मुद्दा खरोखर वजनदार आहे. बाकीचे दोन टिकत नाहीत. बाटली स्वस्त आहे ती आतले इन्सुलिन जुन्या प्रकारचे म्हणून, पातळ आहे म्हणून नव्हे. आणि मुलांसाठी १०० मध्येही ३० युनिटची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज असते.

सिरिंजही ताकदीप्रमाणे वेगळी असते: ४० च्या सिरिंजवर एका मिलिलिटरला ४० युनिटची खूण, १०० च्या सिरिंजवर १०० ची. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हा फरक पटकन कळत नाही. चिठ्ठीवर बहुधा फक्त '२० युनिट' असते, ताकद लिहिलेली नसते. घरात त्याचे 'वीस पॉइंट' होतात. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर अंगात ५० युनिट जातात. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढले, किंवा अमेरिकेहून मुलाने आणलेली बाटली आईने घरच्या सिरिंजने वापरली, की हेच होते. शुगर फार उतरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू झाले तर ३ चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी शुगर तपासायची. पण अडीचपट डोस गेला असेल तर तेवढ्यावर भागत नाही, इन्सुलिनचा जोर पुढे कित्येक तास राहतो. रुग्णालय गाठावेच लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये.

उलटी चूक गुपचूप घडते. ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले तर जेमतेम ८ युनिट जातात. शुगर उतरत नाही. घरचे म्हणतात, चोरून गोड खाल्ले असणार. आजारी माणूस शपथा घेतो, जेवणावरून रोज वाद. डॉक्टर डोस वाढवत नेतात. मग एखाद्या महिन्यात दुकानदार योग्य सिरिंज देतो, वाढवलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण जातो आणि पहाटे माणूस उठत नाही.

'बाटली म्हणजे ४०' हा नियमही आता पुरत नाही. गेल्या दोनेक दशकांत आलेली दीर्घकाळ काम करणारी नवी इन्सुलिने बाटलीतही १०० चीच येतात. त्यामुळे डोस वाढवण्याआधी बाटली आणि वापरलेली सिरिंज दोन्ही दवाखान्यात न्यावीत, लेबलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून पाहावेत.